भोईरकाकांचा रिलीव्हर

भोईरकाका तुमच्याशी बोलत असले तरी त्यांचं अर्धं लक्ष तुमच्या फ्रीजकडे असायचं. आमच्याकडे चहाला आले, की वाक्य मध्येच सोडून उठायचे, फ्रीजच्या पाठीला पालथा हात लावायचे, डोळे मिटून जरा थांबायचे आणि "गरम हाय, पण बरा हाय," असा निर्वाळा देऊन सोडलेलं वाक्य पुन्हा पकडायचे. हात पालथाच का, तर तळवा लावला आणि मशीनच्या अंगात करंट उतरलेला असला तर बोटं मिटतात, माणूस चिकटून राहतो. पालथा हात झटकन सुटतो. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की आता मीही मिक्सरला पालथा हात लावते आणि माझा नवरा हसतो.

शिवाय त्यांच्या खिशात एक लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर असायचा. तो स्क्रू फिरवायला नव्हे, ऐकायला. टोक मोटारीच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आतलं बेअरिंग काय बोलतंय ते कळतं म्हणे. आमच्या पाण्याच्या पंपाचं ऐकून झालं, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचं ऐकून झालं. एकदा रोह्याच्या स्टँडवर उभ्या असलेल्या एसटीलाही त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर लावला, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "काका, चढायचंय का तपासायचंय?" काकांनी शांतपणे ऐकणं पुरं केलं आणि मगच चढले.

रोह्याला नदीपलीकडच्या अष्टमी गावात आमची बैठी घरं भिंतीला भिंत लागून होती. मी गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवायची, म्हणून काका मला मास्तरीण म्हणायचे. घाबरले, की सुलभा. ते स्वतः धाटावच्या एका केमिकल कंपनीत पॅनल ऑपरेटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. तसले प्लांट कधी बंद करत नाहीत. रात्रंदिवस चालतात, आणि पॅनलसमोरची खुर्ची रिकामी ठेवायची नाही हा तिथला पहिला नियम. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येईपर्यंत उठायचं नाही. तो आला, की त्याला चार्ज द्यायचा. कुठला पंप चालू, कुठला तयार ठेवलाय, कुणाची कुरकूर आहे, सगळं तोंडी सांगायचं. त्यानं ऐकून "घेतला" म्हणायचं. ते ऐकू आल्याशिवाय खुर्ची सोडली, तर तो ऑपरेटर नव्हेच, असं काकांचं ठाम मत होतं.

या नियमापायी त्यांचं स्वतःचं लग्न मुहूर्तावर लागलं नाही. मंदाकाकूंचं माहेर पेणजवळचं हमरापूर. लग्न तिथंच, संध्याकाळच्या मुहूर्तावर. माणसांची टंचाई, म्हणून काकांनी लग्नाच्या दिवशीही सकाळची शिफ्ट घेतली होती. दुपारी रिलीव्हर आला की निघायचं, असं ठरलं. रिलीव्हर त्यांचा जिवाभावाचा मित्र. त्याची समजूत अशी, की नवरदेवाच्या जागी आज दुसरंच कुणीतरी असणार आणि त्याला सोडवायचंही कंपनीच बघेल. तो इस्त्रीचे कपडे घालून परस्पर हमरापूरला गेला आणि पहिल्या पंगतीला जेवायला बसला. इकडे काका कंपनीच्या खाकी शर्टाच्या आत हळद लावलेले, पॅनलसमोर बसून. वऱ्हाडी आले, भटजी आले, नवरा नाही. मग मांडवात कुणीतरी मित्राला ओळखलं आणि विचारलं, "तू हितं, तर मग त्याला सोडवला कोनी?" मित्र हात न धुता उठला, मिळेल त्या ट्रकनं धाटावला पोचला आणि इस्त्रीच्या कपड्यांतच चार्ज घेतला.

ही गोष्ट काकू प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या. "मी मुंडावळ्या बांधून बसलेय, आई रडतेय, आणि आमचा नवरा पंप राखीत बसलाय! आणि आल्यावर म्हंतो काय, त्यानं घेतला बोलल्याशिवाय कसा उठू?" काका तेवढा वेळ भिंतीकडे बघत बसायचे. त्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

काकू लग्नाआधीपासून गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखायच्या. लग्नानंतरही दरवर्षी हंगामात महिना-दोन महिने माहेरी भावाच्या कारखान्यात जाऊन बसायच्या. रंगकाम कुणीही करेल, पण डोळे मंदीनंच आखायचे, असा तिथं दंडक होता. आणि नेमके त्यांचेच डोळे गेले. पडद्याचा काहीतरी आजार होता. समोरचं आधी पुसट झालं, कडेचं तेवढं राहिलं. त्यामुळे त्या आपल्याशी बोलताना मान वळवून भलतीकडे तोंड करायच्या. मला पहिले काही दिवस वाटलं, या माझ्यावर रुसल्यात. मग एकदा त्याच म्हणाल्या, "अशी तिरकी बघितली की तू दिसतेस गो सुलू. सरळ बघितली की तुझ्या तोंडाच्या जागी नुसता धूर." पनवेलच्या डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं दिली आणि उरलंय ते किती दिवस राहील ते सांगता येणार नाही, असंही सांगितलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा नितीन मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये आहे. बोट बंदराला लागली, की तिथल्या नेटवरून व्हिडिओ कॉल करायचा. काकांचा फोन बटणांचा. म्हणून एकदा त्यानं माझ्या फोनवर कॉल केला. काकूंनी फोन नाकाला लागेल इतका जवळ धरला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यात नितू कुठं हाय?" मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले. पुढच्या सुट्टीत नितीननं मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर आणून बसवला. त्याचं तोंड पडद्यावर परातीएवढं दिसायचं. काकू तिरक्या बसायच्या आणि "बारीक झालास," "केस काप," "कानाजवळ काय लागलंय तुला?" असं विचारायच्या. कानाजवळचा तो व्रण खरोखरच नवा होता. त्या दिवशी त्या दिवसभर गुणगुणत होत्या.

तेव्हापासून काकांची ड्युटी सुरू झाली. बोट कधी बंदराला लागेल याचा नेम नसे, म्हणून कॉम्प्युटर कायम चालू. पहिल्याच दिवशी त्यांनी डब्याला स्क्रू-ड्रायव्हर लावून आतल्या पंख्याचं बेअरिंग ऐकलं आणि ते पास केलं. दुसऱ्या दिवशी मला हाक आली, "मास्तरीण, धाव गो. ट्रिप झालाय." मी गेले. पडदा काळा. माऊस हलवला, पडदा उजळला.

"काही झालं नाही काका. झोपला होता."

"झोपला होता?"

"बराच वेळ कुणी हात लावला नाही की झोपतो. वीज वाचते."

काका कॉम्प्युटरकडे असे बघत राहिले, की मला त्या मशीनची दया आली. "ड्युटीवर झोपतो? आमच्याकडं असा झोपला तर दुसऱ्या दिवशी गेटवर घेत नाय. ह्याला कोनी शिकवला हा?"

मी त्यांना पॉवरची सेटिंग दाखवली. पडदा किती वेळानं बंद व्हावा, कॉम्प्युटर किती वेळानं झोपावा, आणि शेवटचा पर्याय 'नेव्हर', म्हणजे कधीच नाही. मी 'नेव्हर' करून दिलं. काकांनी ते वाचलं, मान डोलावली आणि तरीही खुर्चीत बसून मधूनमधून माऊस हलवायला लागले. "लिहिलेलं असतंय गो. पण हात पायजे," म्हणाले. मी हसून घरी आले.

अष्टमीत वाऱ्याची झुळूक आली तरी लाईट जाते. चालू कॉम्प्युटरची वीज अशी तोडली, की त्यातली डिस्क एखाद दिवशी बिघडेल, असं मीच सांगितलं होतं. म्हणून यूपीएस आणला. लाईट गेली की त्याची बॅटरी काही मिनिटं कॉम्प्युटर आणि नेटचा डबा दोन्ही चालवते. त्याची एक बारीक वायर कॉम्प्युटरला जोडली, की बॅटरी किती उरली ते कॉम्प्युटरला कळतं आणि संपत आली की तो आपलं आपण सगळं आवरून बंद होतो. हे ऐकून काकांचा चेहरा खुलला. त्यांना त्यात जुना मित्र भेटला. "म्हंजे इंटरलॉक! बॉयलरचं पाणी कमी झालं की बॉयलर आपोआप बंद. माणूस चुकंल, इंटरलॉक नाय चुकत."

"किती बॅटरी उरली की बंद होऊ दे?" मी विचारलं. "दहा टक्के ठेवू?"

"दहा? येडी का काय तू! अर्ध्यावर ठेव."

"काका, अर्धी बॅटरी फुकट जाईल."

"बॉयलरचं पाणी तळाला जायची वाट बघतो काय आम्ही? मार्जिन पायजे. अर्ध्यावर."

आणि शेवटचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. कुठल्याही सेटिंगवर ऑपरेटरचा हात लागलेला असावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

गणपती दोन-तीन आठवड्यांवर आले होते. मी आमची मूर्ती ठरवायला हमरापूरला काकूंच्या भावाकडे गेले होते. निघताना काकूंनी बजावलं होतं, "डोळे नीट बघून घे गो. हल्ली मशीननं मारतात." मूर्ती ठरवून, पेणहून एसटी धरून मी परत निघाले. वारा सुटला होता. गडबच्या पुढे हायवेवर झाड पडलं होतं आणि गाड्यांची रांग लागली होती. तेवढ्यात काकांचा फोन आला.

"सुलभा, तो बंद झाला. आपोआप. नितू बोलत होता नि लाईट गेली. यूपीएसवर चालला जरा वेळ, मग बंद झाला."

नितीनची बोट त्या दिवशी एका परक्या बंदरातून सुटणार होती. पुढे कितीतरी आठवडे नुसता समुद्र. बोट सुटायच्या आधी त्यानं आईसाठी घाईत कॉल केला होता.

"पुन्हा चालू करा," मी म्हटलं.

"केला. चालू होतो नि परत बंद होतो."

होणारच होता. बॅटरी अर्ध्याच्या खाली गेली होती. कॉम्प्युटर जागा व्हायचा, बॅटरी बघायचा आणि पुन्हा आवरून बंद व्हायचा. त्याला सांगितलं होतं तेच तो करत होता. सेटिंग बदलायला जावं, तर तेवढाही वेळ तो देत नव्हता.

"काका, ऐका. यूपीएसपासून कॉम्प्युटरला जी बारीक वायर गेलीय ना, ती उपटा. नुसती ती. मग त्याला बॅटरीचं कळणारच नाही, चालू राहील."

पलीकडून यूपीएसची टीं टीं तेवढी ऐकू येत होती.

"काका?"

"ती इंटरलॉकची वायर हाय."

"हो, तीच. उपटा."

"इंटरलॉक बायपास करायचा नाय, सुलभा. त्यानं माणसं मेलीत. माझ्या डोळ्यासमोर."

"काका, हा बॉयलर नाही हो! कॉम्प्युटर आहे. काही होणार नाही. उपटा!"

मी ओरडले असणार, कारण सगळी एसटी माझ्याकडे बघायला लागली. समोरच्या सीटवरची बाई वळून म्हणाली, "कोनाला करंट बसला काय गो?" मी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. फोनमधून काकूंचा आवाज आला, मागून, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. "आवो, काय करताय? पोरगा थांबलाय ना तिकडं."  काकांचा श्वास ऐकू येत होता. ड्रायव्हर खाली उतरून विडी ओढत होता. मी खिडकीच्या गजाला धरून बसले होते. पाय असून उपयोग नव्हता.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "काढली." तो आवाज मला त्यांचा वाटला नाही.

कॉम्प्युटर चालू झाला आणि चालू राहिला. नितीन तेव्हा तिथं नव्हता. त्यानं मध्येच बटणांच्या फोनवर फोन करायचा प्रयत्न केला होता, पण फोन माझ्याशी गुंतलेला. बोट सुटली होती. काका मला सांगत होते, "यूपीएसचा हिरवा दिवा हाय गो अजून.  अर्धा शिल्लक हाय अजून, अर्धा." ते मला सांगत होते की कुणाला, कोण जाणे. मी "हो काका, हो काका" म्हणत राहिले, आणि मग रेंज गेली.

त्या समुद्राच्या आठवड्यांत काकूंच्या डोळ्यात रक्त उतरलं. पनवेलला नेलं. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. गणपती आले, गेले. मी आणलेल्या मूर्तीच्या डोळ्यांवरून काकूंनी हलकेच बोट फिरवलं आणि "बरे आखलेत," म्हणाल्या.

नितीनचा कॉल पुन्हा आला, तेव्हा मी तिथं होते. लाईट होती, नेट होतं, सगळं ठीक होतं. त्याचं तोंड पडदाभर आलं. काकू खुर्चीत बसल्या आणि सरळ, अगदी नाकासमोर बघत म्हणाल्या, "बोल रे बाळा." मान वळवली नाही. तिरकं बघण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. नितीनला ते कळलं नसावं. त्याला वाटलं असेल, आई आज माझ्याकडे नीट बघतेय. "आई, आज बरं वाटतंय वाटतं तुला," म्हणाला. काका खुर्चीच्या मागे उभे होते. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला पालथा हात लावला आणि तो तसाच राहू दिला.

त्यानंतर खरं म्हणजे ड्युटी संपायला हवी होती. आवाज ऐकायला माझा फोन चालला असता. पण हे काकांना सांगणार कोण? उलट ते आता खुर्चीतून उठेनातच. जेवण तिथंच, डुलकी तिथंच, तीही माऊसवर हात ठेवून. दाढी वाढली. पंपाचा आवाज बदलला, आम्हाला कळला, त्यांना कळला नाही. स्क्रू-ड्रायव्हर खिडकीत पडून होता. मी दोन-तीनदा म्हटलं, "काका, सेटिंग 'नेव्हर'वर आहे. तुम्ही हलवलं नाही तरी तो चालूच राहील. जरा आडवे व्हा." ते म्हणायचे, "अर्ध्यावर मीच ठेवला ना गो. माझ्या हातानं."  मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं, आणि दोन्हींचा काही उपयोग नसायचा.

तेवढ्यात माझ्या नवऱ्याची बदली पेणला झाली. सामान ट्रकमध्ये चढत होतं. मी निरोप घ्यायला शेजारी गेले. टळटळीत दुपार होती. दाराशीच थांबले, कारण आत काकू चालत होत्या. भिंतीला हात लावत, टेबलाची कड चाचपत त्या खुर्चीपाशी आल्या आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठा."

"नाय. बस तू तिकडं."

"मी रिलीव्हर हाय. उठा."

काका वर बघायला लागले.

"लग्नाला तुमचा रिलीव्हर आला नाय म्हणून मांडवात बसून राह्यले मी. आता आलेय ना? सांगा. काय काय चालू हाय ते सांगा."

मला वाटलं, ते चिडतील.  पण त्यांनी पाठ सरळ केली आणि कंपनीत सांगत असतील तसं एकेक सांगायला लागले. "लाईट हाय. नेट हाय. यूपीएस फुल हाय. पंखा जरा वाजतो, पण चालंल." इथं त्यांनी एकदा माऊस हलवला. "पोराचा फोन नाय आजून."

"घेतला," काकू म्हणाल्या.

काका उठले. खाटेपर्यंतची चार पावलं त्यांनी भिंतीला धरून टाकली आणि आडवे झाले. मी निरोप न घेताच दाराशी उभी राहिले. त्यांना लगेच झोप लागली, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. पडदा उजळ होता. काकू त्याच्याकडे तोंड करून ताठ बसल्या होत्या, आणि मधूनमधून, पडदा झोपू नये म्हणून, चाचपून माऊस हलवत होत्या. तसं करायची काही गरज नव्हती. मी ते सांगितलं नाही.